‘आईचं कोण करणार?’ : थँक्सगिव्हिंग, घरची शुश्रूषा आणि पगारी रजा (अनुभव धागा)

धागा उघडताना

येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे. टेबलाभोवती बसून आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत हे प्रत्येकाने सांगायचे, ही अमेरिकेतली रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांच्या शाळेतून आली आणि मुक्कामाला राहिली. गेल्या वर्षी आमच्याकडे एका मैत्रिणीने सांगितले, की आईच्या शस्त्रक्रियेसाठी तिच्या मॅनेजरने तिला सहा आठवडे मोकळे केले, त्याचे ती आभार मानते. तिच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या मैत्रिणीचा चेहरा मात्र उतरला, कारण तिचीही आई त्याच वर्षी आजारी होती आणि तिला कोणी मोकळे केले नव्हते. त्या संध्याकाळपासून डोक्यात घोळत असलेला विषय आज येथे मांडत आहे.

आपल्या भाषेत ‘आईचं करणं’ एवढेच म्हणतात. काय करणे, हे सांगावे लागत नाही. अंघोळ, औषधे, रात्रीचे उठणे, डॉक्टरांशी वाद, सारे त्या एका क्रियापदात मावते. नोकरीच्या जगात मात्र त्याला रकाने असतात. १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्टने (यापुढे एफएमएलए) वर्षातून १२ आठवडे नोकरी आणि आरोग्यविमा शाबूत ठेवून रजा घेण्याचा हक्क दिला. हाच विषय घेऊन गेलेले विधेयक थोरल्या बुश यांनी १९९० आणि १९९२ असे दोनदा नाकारले होते, आणि क्लिंटन यांनी अध्यक्ष झाल्यावर पहिली सही त्यावरच केली. परंतु ही रजा बिनपगारी आहे, आणि तीही सर्वांना नाही. कंपनीचे ७५ मैलांच्या परिघात किमान ५० कर्मचारी हवेत, आपली नोकरी किमान बारा महिन्यांची हवी आणि मागच्या वर्षात १,२५० तास काम भरलेले हवे. पगारी रजेचा प्रश्न राज्यांवर सोडलेला आहे. कॅलिफोर्नियाने ती २००४ मध्ये सुरू केली, न्यू जर्सीने २००९ मध्ये, ऱ्होड आयलंडने २०१४ मध्ये, न्यूयॉर्कने २०१८ मध्ये. पुढे वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऑरेगॉन, कोलोरॅडो अशी यादी वाढत गेली, तरी देशाचा मोठा भाग अजून तिच्याबाहेर आहे.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) १९४१ मध्ये नोव्हेंबरचा चौथा गुरुवार या सणासाठी कायद्याने पक्का केला, पण त्या दिवसाची पगारी सुट्टी खासगी नोकराला दिलीच पाहिजे असा फेडरल (केंद्रीय) कायदा आजही नाही. आपल्याला ती मिळते ती कंपनीच्या धोरणामुळे.

घरच्या कोणाचे करताना रजा मिळाली का, कशी मिळाली, नाही मिळाली तर काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे. कंपनी, रुग्णालय आणि माणसे यांची नावे टाळावीत. राज्याचे नाव मात्र अवश्य द्यावे, कारण बहुतेक उत्तरे तेथूनच बदलतात.

न्यू जर्सी

आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या. थँक्सगिव्हिंगच्या तीन आठवडे आधी न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्या ग्रीन कार्डवर येथे राहू लागून सात वर्षे झाली असल्याने त्यांना मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) घेता आले होते. पाच वर्षे पूर्ण व्हायच्या आत हे घडले असते तर आमचे घर विकावे लागले असते, असे मी अतिशयोक्ती न करता म्हणते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना पुनर्वसन केंद्रात हलवले. तेथला खर्च मेडिकेअरने उचलण्यासाठी आधी रुग्णालयात सलग तीन दिवस ‘इनपेशंट’ (दाखल रुग्ण) अशी नोंद असावी लागते. ‘ऑब्झर्व्हेशन’खाली (नुसत्या देखरेखीखाली) ठेवलेले दिवस त्यात धरत नाहीत. रोज सकाळी मी हीच एक गोष्ट नर्सला विचारत असे आणि तिला माझा कंटाळा आला असावा.

केंद्रात पहिले वीस दिवस पूर्ण खर्च मिळतो, हे आम्ही मनाशी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पंधराव्या दिवशी, सोमवारी, हातात कागद पडला की आता त्यांना या पातळीच्या सेवेची गरज उरलेली नाही आणि बुधवारनंतरचा खर्च मिळणार नाही. दोन दिवस आधी सूचना द्यावी लागते, तेवढी ती दिली होती. अपील करता येते. आम्ही ते केले आणि हरलो. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी वॉकरवर चार पावले टाकणारी, रात्री एकटी उठू न शकणारी बाई घरी येणार होती.

मी माझ्या कंपनीच्या एचआरला लिहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की एफएमएलएमध्ये आई, वडील, पती-पत्नी आणि मूल एवढेच नातेवाईक येतात. सासू त्यात येत नाही. उत्तर अचूक होते. ज्या घरात सुनेनेच सासूचे करायचे असते त्या घरातल्या माणसाला ते वाचून काय वाटते, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसणार, आणि तो त्याचा दोष नाही. मी तेथेच थांबले होते. जेवणाच्या सुट्टीत एका सहकारी स्त्रीने सहज विचारले, “तू राज्याची रजा मागितलीस का?” न्यू जर्सीच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सासू-सासरे येतात, हे तिने मला सांगितले; एचआरने सांगितले नव्हते, कारण मी त्यांना एफएमएलएबद्दल विचारले होते आणि त्यांनी एफएमएलएबद्दलच उत्तर दिले होते.

माझ्या यजमानांची गोष्ट याहून विचित्र. त्यांच्या कचेरीत बावीस माणसे. स्वतःच्या आईसाठी त्यांना एफएमएलए नाही, कारण पन्नास माणसे नाहीत. नोकरी राखून ठेवण्याची राज्याची हमी नाही, कारण तिच्यासाठी तेव्हा तीस लागत. राज्याच्या पगारी रजेच्या विम्यातून पैसे मात्र मिळू शकत होते, कारण त्यासाठी कंपनीच्या आकाराची अट नाही. मला नोकरीची हमी आणि पैसे, दोन्ही. म्हणून पोटच्या मुलाऐवजी सुनेने रजा घेतली. सरासरी पगाराच्या ८५ टक्के, कमाल मर्यादेच्या आत, असा हिशेब असतो. माझ्या बाबतीत मर्यादा आड आल्याने हाती त्याहून कमी आले, आणि पहिली रक्कम येईपर्यंत सासूबाई जिना चढू लागल्या होत्या. तरीही ते पैसे आले, आणि मी परतले तेव्हा माझी खुर्ची जागेवर होती.

गुरुवारी जेवताना सासूबाईंनी सर्वांसमोर सांगितले, की सुनेच्या सुट्टीचे त्यांच्यावर उपकार झाले. मला ते ऐकवले नाही. माझ्या पगारातून वर्षानुवर्षे त्या विम्याचे पैसे कापले जात होते. त्यात उपकार कसला, हे त्यांना समजावण्याचा प्रयत्न मी केला, पण ‘उपकार’ हा शब्द त्यांनी मागे घेतला नाही.

टेक्सास

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलापुरात वडिलांना मेंदूत रक्तस्राव झाला. नोकरीला तेव्हा चौदा महिने झाले होते. तीन महिने आधी हे घडते तर बारा महिन्यांची अट अडवी येऊन एफएमएलएही हाती लागली नसती, हे मला पुढे विमानात बसल्यावर सुचले आणि घाम फुटला.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा फॉर्म भरून देण्यास पंधरा दिवस मिळतात. भावाने तो छापून अतिदक्षता विभागाच्या बाहेर उभ्या उभ्या डॉक्टरांकडून भरून घेतला. परदेशातल्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालते. ते दुसऱ्या भाषेत असेल तर भाषांतर मागू शकतात, पण आपल्याकडचे डॉक्टर इंग्रजीतच लिहितात, तेवढा त्रास वाचला. कंपनीने आधी माझी साठलेली पगारी सुट्टी त्यातच वापरायला लावली, आणि कायद्याने तसे लावता येते. नऊ दिवस होते ते संपले. त्यानंतर पगार बंद, इकडे अपार्टमेंटचे भाडे चालू, आणि टेक्सासमध्ये अशा वेळी पैसे देणारा राज्याचा फंड नाही. पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्काही संपलेला होता, म्हणजे परतायचे तर मुंबईच्या वकिलातीत वेळ मिळवणे आले. वडिलांच्या खाटेशेजारी बसून मी फोनवर अपॉइंटमेंटच्या तारखा पाहत असे. आई विचारत असे, एवढे काय बघतोस. मी सांगत असे, ऑफिसचे काम.

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार असाच गेला. पूर्ण आठवड्याची रजा असेल तर मधली सुट्टी वेगळी धरत नाहीत, त्यामुळे तो दिवसही माझ्या बारा आठवड्यांतून वजा झाला.

चोविसाव्या दिवशी वडील गेले. दुसऱ्या दिवशी मी कळवले तेव्हा अत्यंत सौजन्यपूर्ण भाषेत उत्तर आले, की त्यांना माझ्या दुःखाची कल्पना आहे, आणि शुश्रूषेसाठी दिलेली रजा शुश्रूषेची गरज संपल्यामुळे संपली आहे. कायदा खरोखरच तसा आहे. आजारी माणसासाठी रजा आहे, गेलेल्या माणसासाठी नाही. कंपनीच्या धोरणात शोकासाठी तीन दिवस होते. तेराव्यापर्यंत थांबण्याची परवानगी मी मागितली; मॅनेजरने स्वतःच्या अधिकारात दहाव्यापर्यंत दिली, आणि ती त्यांनी मनापासून दिली हे मला ठाऊक आहे. त्यांचे आभार मी त्याच दिवशी लिहून कळवले. तेरावा धाकट्या भावाने केला, तेव्हा मी विमानतळावरून तासाभरापूर्वी घरी पोचलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मीटिंग होती.

कॅलिफोर्निया

वरील अनुभव वाचून एक माहिती द्यावीशी वाटते. आमच्या राज्यात पाच किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी जानेवारी २०२३ पासून जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूनंतर पाच दिवसांची रजा हक्काने मिळते. ती पगारी असेलच असे नाही. पाच दिवसांत काय होते, असे कोणी म्हणेल. पण मागावी लागत नाही, हा फरक लहान नाही.

माझा स्वतःचा अनुभव सुखाचा आहे असे म्हणवत नाही, कारण मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. रजेपुरते बोलायचे तर माझी काही तक्रार नाही. दहा वर्षे पगाराच्या पावतीवर एक कपात दिसत असे आणि तो कुठलासा कर असावा असे समजून मी तिच्याकडे कधी पाहिले नव्हते. तीच ही रजा. आठ आठवडे मला, आठ आठवडे त्याच्या बाबांना. आम्ही ती सलग न घेता औषध चढवण्याच्या दिवसांपुरती वाटून घेतली, त्यामुळे ती कितीतरी महिने पुरली. जानेवारी २०२५ पासून पगाराच्या ७० ते ९० टक्के मिळतात. त्यापूर्वी प्रमाण कमी असे, आणि ज्यांचा पगार मुळातच थोडा ते लोक कपात भरूनही रजा घेऊ शकत नसत, कारण उरलेल्या पैशांत घर चालत नसे. याला मी विमा म्हणू की चेष्टा, हे मला ठरवता आले नाही. आता ती तक्रार बरीच कमी झाली आहे.

ओहायो

येथे लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारा आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी माझी छोटी कंपनी आहे; आम्ही एकूण चौदा जण. एफएमएलए आम्हाला लागू होत नाही आणि ओहायोत राज्याचा कार्यक्रम नाही. म्हणजे कोणाला किती रजा द्यायची, पगारी की बिनपगारी, हे सर्वस्वी माझ्या मर्जीवर.

तीन वर्षांपूर्वी माझ्या फोरमनच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला. मी त्याला तीन आठवडे पूर्ण आणि तीन आठवडे अर्ध्या पगारावर सोडले. थँक्सगिव्हिंगला तो पत्नीसह घरी आला, तिने हाताने विणलेली शाल माझ्या बायकोला दिली, आणि मी किती चांगला माणूस आहे असे मला स्वतःला वाटले. आठ महिन्यांनी पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एका बाईंच्या भावाचा अपघात झाला. आईवडिलांविना वाढलेली ही भावंडे. त्याचे करायला तिच्याशिवाय कोणी नव्हते. त्या तिमाहीत एका मोठ्या ग्राहकाने पैसे थकवले होते. मी तिला एक आठवडा बिनपगारी दिला आणि त्यापुढे जमणार नाही असे सांगितले. तिने वाद घातला नाही. महिनाअखेर ती सोडून गेली.

दोघांच्या गरजेत काहीच फरक नव्हता. फरक माझ्या बँकेच्या खात्यात होता. शिवाय, खोटे कशाला बोलू, फोरमन गेला असता तर माझे दोन लेथ बंद पडले असते आणि पॅकिंगला दुसरे माणूस आठवड्यात मिळते, हाही हिशेब मनात कुठेतरी झाला असणार.

येथे पगारी रजेची मागणी करणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो, ती रागाने घेऊ नये. ज्या राज्यांत फंड आहे तेथे रजेवरच्या माणसाचा पगार मालकाच्या खिशातून जात नाही. प्रत्येकाच्या पगारातून थोडे थोडे, आणि काही राज्यांत मालकाकडूनही थोडे, असे साठलेले पैसे वापरले जातात. ती व्यवस्था माझ्या दानधर्मापेक्षा हजार पटींनी बरी, आणि मी तिचा वाटा आनंदाने भरेन. परंतु फंडाच्या पैशाने लेथ फिरत नाही. चौदांतला एक कुशल माणूस बारा आठवडे नसतो तेव्हा त्याचे काम कोण करणार, याचे उत्तर मला अजून कोणत्याही कायद्यात सापडलेले नाही. आमच्यासारख्यांचा विरोध असतो तो याला, आणि तो फक्त कंजूषपणा असतो असे समजू नये.

धागा उघडणारीकडून मध्येच

दोन जणांनी निरोपातून विचारले आहे, की आई रुग्णालयात आहे, तिचे सगळे नर्सेस करतात, आपण केवळ शेजारी बसून असतो. मग त्याला ‘शुश्रूषा’ म्हणता येते का आणि फॉर्मवर काय लिहावे. म्हणता येते. एफएमएलएच्या फॉर्ममध्ये आपण कोणती मदत करणार यासाठी पर्याय दिलेले असतात, आणि त्यांत जेवण, स्वच्छता, ने-आण यांच्या बरोबरीने मानसिक आधार हाही पर्याय असतो. सगळ्या कोरड्या कागदांत एवढी एकच चौकट मला माणसाने लिहिल्यासारखी वाटते. त्याचप्रमाणे ही रजा सलगच घ्यावी लागते हा समज चुकीचा आहे. वैद्यकीय गरज असेल तर ती तासांच्या हिशेबाने तुकड्यातुकड्यांनी घेता येते.

मेरीलँड

मी फेडरल सरकारच्या एका खात्यात नोकरी करते, त्यामुळे लोकांना वाटते की मला सर्व काही मिळते. पुष्कळ मिळते, हे मान्य. आजारी माणसाची काळजी घेण्यासाठी आमची स्वतःची साठलेली आजारपणाची रजा वर्षाला ४८० तासांपर्यंत वापरता येते, आणि तिचा पूर्ण पगार मिळतो. अट एवढीच, की ती साठलेली असली पाहिजे. दर पंधरवड्याला चार तास या गतीने ती साठते.

माझी मुले २०१२ आणि २०१६ ची. बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची पगारी रजा फेडरल कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२० पासून मिळू लागली. त्यापूर्वी आम्ही आजारपणाची आणि हक्काची रजाच बाळंतपणात खर्च करत असू. त्यामुळे २०१९ मध्ये वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी नवऱ्याला पक्षाघात झाला तेव्हा माझ्या खात्यात जेमतेम पाच आठवडे होते. ते संपले तेव्हा त्याला उजव्या हाताने चमचाही धरता येत नव्हता.

आमच्याकडे एक सोय आहे. स्वतःची रजा संपलेल्या कर्मचाऱ्याला इतर कर्मचारी आपली हक्काची रजा दान करू शकतात. वरिष्ठांनी अर्ज भरायला लावला, माझ्या अडचणीचे चार ओळींचे वर्णन ईमेलने सगळीकडे फिरले, आणि मला २१२ तास मिळाले. कोणी चार दिले, कोणी चाळीस. एक देणारी दुसऱ्या शहरातल्या कार्यालयातली होती, जिला मी कधी पाहिलेही नव्हते. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला मी ज्यांची नावे कळली त्या प्रत्येकाला हाताने पत्र लिहिले. ती चार ओळींची विनंती लिहिताना जे वाटले ते मात्र अद्याप कोणाला सांगितले नव्हते. नवऱ्याची स्थिती पुरेशी वाईट वाटेल अशा शब्दांत मांडायची होती, आणि मी ‘चमचा’ हा शब्द मुद्दाम घातला होता.

दोन वर्षांनी त्या दुसऱ्या शहरातल्या बाईंचे नाव तशाच एका ईमेलमध्ये आले. त्यांच्या वडिलांचे कोणी करणारे नव्हते. माझ्या खात्यात तेव्हा अकरा तास होते. मी अकराही दिले.

इलिनॉय

थोडक्यात लिहिते. आईला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा मी ५२ वर्षांची होते. दादाचा पगार माझ्या दुप्पट, त्यामुळे नोकरी कोणी सोडायची यावर चर्चा झालीच नाही. बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मी घेऊन पाहिली, पण हा आजार बारा आठवड्यांचा नसतो. आईचे सात वर्षे केले. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या पस्तीस वर्षांवरून ठरते; मी या देशात उशिरा आले, त्यात ही सात वर्षे शून्याची, त्यामुळे माझ्या पस्तीसमध्ये बरीच शून्ये आहेत. आई गेल्यानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला दादाने माझे सर्वांसमोर आभार मानले आणि त्याचे डोळे भरून आले. ते खरेच होते. पुढच्या महिन्यात मी किराणा दुकानात काउंटरवर उभी राहू लागले. पगारी रजा असती तरी सात वर्षांची नसती, हे मला कळते. पण पहिल्या दोन वर्षांत आठवड्यातून दोन दिवस जरी मिळाले असते तरी मी नोकरी सोडली नसती.

न्यूयॉर्क, क्वीन्स

मला लिहिण्याची सवय नाही, मुलीने टंकून दिले आहे. मी एका आजींच्या घरी सांभाळायला जाते. आठवड्याला चाळीस तास. म्हणजे दुसऱ्याच्या आईचे करणे हीच माझी नोकरी आहे.

माझ्या यजमानांचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असते. प्रत्येक वेळी चार तास, शिवाय जाणे-येणे. परतताना त्यांना चक्कर येते, एकटे येऊ शकत नाहीत. दोन वर्षे मी मंगळवार-गुरुवारचे ते तास बिनपगारी घेत होते आणि शनिवारी मुलगी जात असे. आपल्यासारख्यांना पगारी रजा असते हे मला माहीत नव्हते. एजन्सीने कधी सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातल्या समाजसेविकेने माझी पगाराची पावती मागितली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, हे पैसे तुमचे कापले जातात ते यासाठीच. आठवड्याला वीस तास किंवा जास्त काम आणि सलग २६ आठवडे नोकरी झाली की ही रजा मागता येते, नागरिक असण्याची अट नाही, आणि ती एकेक दिवस करूनही घेता येते. पगाराच्या ६७ टक्के मिळतात. वर्षाला बारा आठवडे म्हणजे माझ्या पाच दिवसांच्या कामाचे साठ दिवस. मंगळवार आणि गुरुवार धरले तर तीस आठवडे निघतात. उरलेल्या बावीस आठवड्यांचे काय, हे मी अजून ठरवलेले नाही. मागची दोन वर्षे मात्र परत मिळत नाहीत.

यंदा थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात डायलिसिस केंद्र गुरुवारी बंद आहे, म्हणून त्यांच्या पाळ्या सोमवार, बुधवार, शनिवार अशा केल्या आहेत. मी गुरुवारचे तास आधीच मोकळे मागून घेतले होते. आता सोमवार आणि बुधवार हवे आणि गुरुवारी कामावर जाता येईल, हे आजींच्या मुलीला सांगायचे होते. तिच्याकडे त्या दिवशी वीस माणसे जेवायला आहेत, त्यामुळे मी गुरुवारी येते म्हटल्यावर तिला बरे वाटेल असा माझा अंदाज होता. काल संध्याकाळी निघताना मी तो विषय काढणार तेवढ्यात तिने मला एक कार्ड आणि पाकीट दिले. कार्डावर लिहिले होते की मी त्यांच्या कुटुंबातलीच आहे आणि माझ्याशिवाय त्यांचे चालले नसते. मी कार्ड पिशवीत ठेवले, आभार मानले आणि विचारले, की बुधवारी दुपारी एकनंतर आजींजवळ कोण बसेल. तिने फोन काढला आणि कॅलेंडर उघडले.